सेवेपासून हक्कापर्यंत : मुंबईची सोशल सर्व्हिस लीग आणि महाराष्ट्रातील स्वयंसेवी कार्याची परंपरा

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात संघटित स्वयंसेवी कार्याची परंपरा आढळते. प्रस्तुत लेखात मुंबई येथे १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीग या संस्थेला केंद्रस्थानी ठेवून या परंपरेतील एका महत्त्वाच्या वळणाचा विचार केला आहे. कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना सेवेच्या मर्यादा अनुभवातून कळत गेल्या आणि त्यांतील काही जण कामगार संघटना व कामगार कायद्यांकडे वळले. याच संस्थेच्या परळ येथील सभागृहात सेवा स्वीकारणाऱ्या समाजाने स्वतःची संघटना उभारली. या अनुभवाच्या प्रकाशात विसाव्या शतकातील सेवा क्लब आणि राष्ट्रीय सेवा योजना यांच्याकडे पाहिल्यास महाविद्यालयीन स्वयंसेवेसमोरील काही मूलभूत प्रश्न स्पष्ट होतात, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : स्वयंसेवा, सोशल सर्व्हिस लीग, ना. म. जोशी, गिरणगाव, बहिष्कृत हितकारिणी सभा, सेवा क्लब, राष्ट्रीय सेवा योजना.

प्रस्तावना

महाविद्यालयांत दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर भरते. ग्रामस्वच्छता, वृक्षारोपण, रक्तगट तपासणी, प्रबोधनपर व्याख्याने असा कार्यक्रम पार पडतो. समारोपाला सरपंच व प्राचार्य यांची भाषणे होतात आणि छायाचित्रांसह अहवाल विद्यापीठाकडे रवाना होतो. शिबिरानंतर त्या गावाचे काय झाले, हा प्रश्न मात्र अहवालाच्या नमुन्यात सहसा नसतो. कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केलेल्या अनेक प्राध्यापकांना ही उणीव जाणवते. वेळेचा अभाव किंवा विद्यार्थ्यांची अनास्था ही तिची कारणे सांगितली जातात. त्यांत तथ्य असले, तरी प्रश्नाचे मूळ अधिक खोल आहे. सेवा कशासाठी करावयाची आणि जिची सेवा करावयाची त्या वस्तीचे त्या कामातील स्थान कोणते, हा तो मूळ प्रश्न होय. तो आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात काम करणाऱ्या स्वयंसेवकांपुढेही तो उभा राहिला होता.

'सेवा' हा शब्द मराठीत जुना आहे. देवाची सेवा, गुरूची सेवा, धन्याची चाकरी अशा अर्थांनी तो रूढ होता. गरजूंना साहाय्य करण्याच्या कृतीला आपल्याकडे 'दानधर्म' म्हणत. अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा ही त्याची परिचित रूपे होत. दात्याला पुण्य आणि याचकाला तात्पुरता आधार अशी त्याची रचना होती. 'समाजसेवा' हा शब्द रूढ झाला तेव्हा या रचनेत दोन बदल झाले. सेवेचा विषय एकटा याचक न राहता एखादी वस्ती अथवा वर्ग झाला आणि सेवा करणारा पुण्याऐवजी नागरी कर्तव्याची भाषा बोलू लागला. हा बदल कसा घडला व तो कोठवर पोचला, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) सोशल सर्व्हिस लीगच्या कार्याचे स्वरूप व त्याची पूर्वपीठिका मांडणे.
२) सेवाकार्य आणि हक्कांची चळवळ यांतील संबंध तपासणे.
३) या अनुभवाच्या आधारे सेवा क्लब व राष्ट्रीय सेवा योजना यांचे ऐतिहासिक स्थान समजून घेणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रामुख्याने प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचे क्षेत्र मुंबई व पुणे या शहरांपुरते मर्यादित ठेवले आहे.

पूर्वपीठिका : दुष्काळ, प्लेग आणि संघटित सेवा

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात सभेने दुष्काळग्रस्त भागातून पद्धतशीर माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. दुष्काळ ही केवळ दैवी आपत्ती नसून शेतसारा, धान्याचे भाव आणि सरकारी धोरण यांच्याशी तिचा संबंध आहे, असा विचार या माहितीतून पुढे आला. याच दुष्काळात महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली होती. सार्वजनिक सभेचा भर माहिती व निवेदनावर होता, तर सत्यशोधकांचा प्रत्यक्ष अन्नदानावर. परंतु सत्यशोधकांचे अन्नदान पारंपरिक अन्नछत्राहून वेगळे होते, कारण ज्या शूद्रातिशूद्र समाजाला दुष्काळाची झळ सर्वाधिक बसली, त्याच समाजातून ही संघटना उभी राहिली होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे ती पुण्यात पसरली. पुण्यात रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. त्याआधी महिनाभर, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगला बळी पडले. लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांच्या मागण्या प्रथम संघटितपणे मांडणारे नेते होते. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. सेवा आणि हक्क ही दोन वेगळी कामे आहेत, असे या पिढीतील सत्यशोधकांना वाटत नव्हते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सेवाकार्याला संस्थात्मक चौकट लाभली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणारे, अभ्यासू आणि प्रशिक्षित कार्यकर्ते घडवणे हा तिचा हेतू होता. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची स्थापना केली. न्या. नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांतून सेवासदन उभे राहिले. तेथून शिक्षिका व परिचारिका तयार होऊ लागल्या. सोशल सर्व्हिस लीगची स्थापना या पार्श्वभूमीवर झाली.

सोशल सर्व्हिस लीग : स्थापना व कार्य

लीगचे प्रवर्तक नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. डेक्कन कॉलेजमधून पदवी घेतल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. सामाजिक वस्तुस्थितीची माहिती गोळा करणे, तिचा अभ्यास व चर्चा करून लोकमत घडवणे आणि कष्टकरी जनतेला जीवनाची व कामाची अधिक चांगली परिस्थिती मिळवून देणे ही लीगची उद्दिष्टे होती. या उद्दिष्टांचा क्रम अर्थपूर्ण आहे. माहिती व अभ्यासाचा उल्लेख प्रथम येतो आणि त्याचा रोख कामाच्या परिस्थितीवर आहे. पुढील घडामोडींचे बीज यातच दिसते.

ही 'परिस्थिती' कशी होती? १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ९ लाख ७९ हजार होती आणि दर पाच रहिवाशांपैकी सुमारे चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कामगार परळ, लालबाग, डिलाइल रोड, वरळी या भागांतील चाळींत राहत असे. शहरातील दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे बिऱ्हाड एका खोलीत होते. अनेक ठिकाणी एका खोलीत एकापेक्षा अधिक कुटुंबे किंवा गावाकडचे आठ-दहा गाळेकरी एकत्र राहत. नोकरी जॉबरच्या मर्जीवर होती, उसनवारी पठाणी व्याजाने होती, आणि आजारपणात गावी परतण्यावाचून गत्यंतर नसे.

लीगचे काम या वस्त्यांत सुरू झाले. दिवसपाळीनंतर येणाऱ्या कामगारांसाठी रात्रशाळा काढण्यात आल्या. फिरत्या वाचनालयांमार्फत पुस्तके चाळींपर्यंत पोचू लागली. ज्याला वाचता येई, तो इतरांना वाचून दाखवी. मोफत दवाखाने, पाळणाघरे, व्यायामशाळा, बालवीर पथके, सहकारी पतसंस्था असे अनेक उपक्रम कालक्रमाने उभे राहिले. आरोग्यविषयक व्याख्याने मॅजिक लँटर्नच्या चित्रांसह दिली जात. पोलीस कोर्टात उभ्या केल्या जाणाऱ्या निरक्षर माणसाला मार्गदर्शन करण्यासाठी लीगचे प्रतिनिधी हजर राहत आणि गरिबांना कायद्याचा सल्ला देत. हा उपक्रम त्या काळात विशेष म्हणावा लागेल. शिकवणे किंवा औषध देणे यांत स्वयंसेवकाचे ज्ञान वरचढ असते. न्यायालयाच्या दारात मात्र तो कामगाराच्या बाजूने उभा राहतो आणि राज्ययंत्रणेचा व्यवहार त्याच्या नजरेने पाहू लागतो.

१९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत आली. दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सरकारी यंत्रणा अपुरी पडली, तेव्हा लीगसह अनेक संस्थांचे स्वयंसेवक घरोघर औषध व दूध पोचवीत होते. प्लेगच्या काळात सक्तीच्या तपासणीमुळे लोक अधिकाऱ्यांना घाबरून दारे लावून घेत असत. या वेळी ओळखीच्या स्वयंसेवकांसाठी दारे उघडली गेली. वस्तीत सातत्याने वावरल्याने निर्माण झालेला विश्वास हे स्वयंसेवेचे खरे भांडवल असते, याचा हा पुरावा मानता येईल.

लीगने स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष दिले. तिने चालवलेला अल्पकालीन प्रशिक्षणवर्ग हा भारतातील समाजकार्य-शिक्षणाचा आरंभबिंदू मानला जातो. पुढे १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशर्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेली.

सेवेच्या मर्यादा

लीगच्या कार्याचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पहिली मर्यादा दृष्टिकोनाची होती. सुशिक्षित, बहुतांशी उच्चवर्णीय व मध्यमवर्गीय स्वयंसेवकाला कामगाराच्या दारिद्र्याचे कारण पुष्कळदा त्याच्या सवयींत दिसे. दारू, जुगार, अस्वच्छता, लग्नातील खर्च यांवर व्याख्याने होत. होळीच्या सणातील बीभत्स प्रकार थांबावेत म्हणून सुधारक मंडळींनी 'होलिका संमेलने' भरवली. हेतू चांगला होता, पण बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या माणसाच्या उत्सवाचा विचार त्यात क्वचितच होता.

दुसरी मर्यादा द्रव्यबळाची होती. लीगच्या कामाला देणग्या लागत आणि त्या देणारे बहुधा गिरणीमालक व व्यापारी असत. टाटा आणि करीमभाई इब्राहिम या गिरणीसमूहांच्या साहाय्याने परळ भागात कामगारांसाठी चालवलेल्या 'वर्कमेन्स इन्स्टिट्यूट'चे व्यवस्थापन लीगकडे होते. मालकाच्या पैशाने चाललेल्या वाचनालयात बसून मालकाविरुद्ध तक्रार लिहिता येईल काय, हा प्रश्न कामगाराच्या मनात येणे स्वाभाविक होते. मजुरी आणि कामाचे तास यांना हात न लावता केलेली सेवा मालकवर्गाला गैरसोयीची नव्हती.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत होती. रात्रशाळेची हजेरी गिरणीच्या पाळीवर अवलंबून होती. पतसंस्थेचा हप्ता पगार लांबला की थकत असे. बाळंतपणानंतर लगेच कामावर जावे लागणाऱ्या स्त्रीला बालसंगोपनावरील व्याख्यानाचा उपयोग काय? सेवेचा प्रत्येक उपक्रम शेवटी मजुरी, कामाचे तास आणि राहण्याची जागा यांच्यापाशी येऊन अडत होता.

सेवेपासून कायद्यापर्यंत

ना. म. जोशी यांचा पुढील प्रवास या अडथळ्यापासून सुरू होतो. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तिच्या संस्थापकांत जोशी होते. १९२१ पासून दीर्घकाळ ते केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. कामगार संघटनांना कायद्याची मान्यता व संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी मार्च १९२१ मध्ये मांडला. त्याचे फलित म्हणून १९२६ चा भारतीय ट्रेड युनियन कायदा संमत झाला.

प्रसूती साहाय्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२४ मध्ये जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात हा विषय पुन्हा आला, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशा विधेयकाचे जोरदार समर्थन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा संमत झाला. भारतातील हा या स्वरूपाचा पहिला कायदा होय. चाळीतील पाळणाघरापासून विधिमंडळातील विधेयकापर्यंतचे हे अंतर हाच सेवेपासून हक्कापर्यंतचा प्रवास आहे.

तथापि हा प्रवास सरळ रेषेत झाला असे म्हणता येणार नाही. १९२६ मध्ये जोशी यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनची स्थापना झाली. परंतु १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले, तेव्हा मोठ्या संख्येने ते नव्याने स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनकडे वळले. या युनियनच्या नेतृत्वात कम्युनिस्टांबरोबर अर्जुन आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत काम करणारे कामगारही होते. वाटाघाटी व कायदा यांवर विश्वास ठेवणाऱ्या जोशींच्या मार्गाला हे आव्हान होते. आपल्यासाठी बोलणाऱ्यापेक्षा आपल्यातून बोलणारा जवळचा वाटतो, हे कामगारांनी या निवडीतून दाखवून दिले.

दामोदर सभागृह आणि बहिष्कृत हितकारिणी सभा

परळ येथील दामोदर ठाकरसी सभागृह हे लीगच्या कार्याचे केंद्र होते. गिरणगावातील कामगार रंगभूमीचे व्यासपीठ म्हणून ते नावारूपास आले. कोकणातून आलेल्या कामगारांची नाटके येथे होत. ९ मार्च १९२४ रोजी याच सभागृहात डॉ. आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजाच्या अडचणी दूर करण्यासाठी मध्यवर्ती संस्था असावी काय, याचा विचार करण्यासाठी सभा बोलावली. तिची परिणती २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेत झाली. सभेचे कार्यालयही याच ठिकाणी होते.

सभेचे आरंभीचे उपक्रम पाहिले तर ते लीगच्या उपक्रमांसारखेच दिसतात. सोलापूर येथे जानेवारी १९२५ मध्ये विद्यार्थी वसतिगृह काढण्यात आले. मुंबईत मोफत वाचनालय आणि तरुणांसाठी हॉकी क्लब सुरू झाला. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद होता. येथे सेवा घेणारा समाजच सेवा करणारा होता. त्यामुळे वाचनालयाची पुढची पायरी संघटनेची ठरली. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ४ ऑगस्ट १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले होते. तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. बोले हेही मुंबईतील कामगारांमध्ये सेवाकार्य करूनच कायदेमंडळात पोचले होते, ही बाब येथे नोंदवावयास हवी.

डॉ. आंबेडकरांचे पत्र : सेवेच्या दोन दृष्टी

सेवाकार्याच्या तात्त्विक चर्चेत एका पत्राचे महत्त्व विशेष आहे. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. तिचे चिटणीस अमृतलाल ठक्कर उर्फ ठक्करबाप्पा होते. मुंबई नगरपालिकेत अभियंता असताना सफाई कामगारांच्या वस्त्या पाहून ते अस्वस्थ झाले आणि १९१४ मध्ये नोकरी सोडून भारत सेवक समाजात आले. ते व जोशी हे एकाच परंपरेचे कार्यकर्ते होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जात असताना डॉ. आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले.

उन्नतीच्या कार्याच्या दोन दृष्टी या पत्रात सांगितल्या आहेत. एका दृष्टीनुसार माणसाच्या हीन स्थितीला त्याचे वैयक्तिक दोष जबाबदार असतात. म्हणून दारूबंदी, व्यायामशाळा, सहकार, वाचनालये, शाळा यांद्वारे त्याच्या अंगी सद्‌गुण बाणवावेत. दुसऱ्या दृष्टीनुसार माणसाचे भवितव्य त्याची परिस्थिती ठरवते, म्हणून प्रयत्न परिस्थिती बदलण्याचे हवेत. डॉ. आंबेडकरांनी दुसऱ्या दृष्टीचा पुरस्कार केला. पाणवठे, शाळा, सार्वजनिक जागा येथील नागरी हक्कांची मोहीम, नोकऱ्यांत समान संधी आणि सामाजिक अभिसरण ही संस्थेची कामे असावीत, असे त्यांनी सुचवले. या पत्राची पोच देखील आली नाही, असे त्यांनी पुढे १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

पहिल्या दृष्टीतील उपक्रमांची यादी आणि सोशल सर्व्हिस लीगच्या उपक्रमांची यादी यांतील साम्य उघड आहे. परंतु त्यावरून डॉ. आंबेडकरांना शाळा व वाचनालये नको होती, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्यांनी स्वतःही ती काढली होती. त्यांचा आक्षेप उपक्रमांवर नव्हता, तर उपक्रमांपाशीच थांबण्यावर होता.

सेवा क्लब : एक वेगळा प्रवाह

याच सुमारास मुंबईत सेवासंघटनेचे आणखी एक रूप आले. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागो येथे पहिला रोटरी क्लब स्थापन केला होता. सभासदांच्या कार्यालयांत आळीपाळीने बैठका होत, म्हणून 'रोटरी' हे नाव पडले. भारतात कोलकाता येथे १९२० मध्ये आणि मुंबईत १९२९ मध्ये रोटरी क्लब सुरू झाले. १९१७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली लायन्स चळवळ १९५६ मध्ये मुंबईत आली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावी डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार व प्राध्यापक यांचे असे क्लब निघाले. नेत्रशिबिरे, रक्तदान, शाळांना साहित्यवाटप हे त्यांचे उपक्रम सर्वपरिचित आहेत.

या क्लबांची रचना लीगहून भिन्न आहे. सभासदत्व व्यवसायाच्या प्रतिष्ठेशी निगडित असते, पदाधिकारी दरवर्षी बदलतात आणि कामाचे एकक 'प्रकल्प' हे असते. रोटरीत स्त्रियांना सभासदत्वाचा मार्ग १९८९ मध्येच खुला झाला. दरवर्षी नवा अध्यक्ष नवा प्रकल्प हाती घेतो, त्यामुळे एका वस्तीशी दीर्घ नाते जुळणे अवघड जाते. परंतु जेथे उद्दिष्ट निश्चित व दीर्घकालीन राहिले, तेथे याच रचनेने मोठे यश मिळवले. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. शासकीय यंत्रणा, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि असंख्य स्वयंसेवक यांच्या प्रयत्नांतून १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक विषाणूजन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. पाव शतकाहून अधिक काळ एकच काम धरून ठेवल्याचे हे फळ आहे.

राष्ट्रीय सेवा योजना आणि महाविद्यालये

विद्यार्थ्यांच्या शिक्षणात समाजसेवेला स्थान असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सत्यशोधक समाजाचा स्थापनादिन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापनादिन एकच आहे. हा केवळ योगायोग असला, तरी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

योजनेच्या आरंभीच्या वर्षांतच महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' या विषयावर शिबिरे झाली. दुष्काळी कामांवरील अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमीची कल्पना आकाराला येऊन महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची ती पूर्वपीठिका होती. दुष्काळात कोणी अन्न वाढावे यापेक्षा मागेल त्याला काम मिळावे, ही मागणी १८७७ पासून शंभर वर्षांनी कायद्यात उतरली.

योजनेच्या नियमांनुसार स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एका विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. तास मोजणे सोपे असते. त्यामुळे मूल्यमापन तासांचे होते आणि वस्तीत काय बदलले हे नोंदवले जात नाही. लीगच्या अनुभवाशी तुलना करता येथे दोन गोष्टी हरवलेल्या दिसतात : सातत्याने एका ठिकाणी राहणे आणि अभ्यास. दुसरीकडे एक गोष्ट लीगपेक्षा कितीतरी पुढे आहे. आजच्या ग्रामीण व शहरी महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी ज्या वस्त्यांत शिबिरे होतात तशाच वस्त्यांतून आलेले आहेत. १९११ च्या स्वयंसेवकाला चाळीत शिरताना जो अपरिचिताचा संकोच होता, तो आजच्या विद्यार्थ्याला असण्याचे कारण नाही. ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि आपण तिचा सर्वांत कमी उपयोग करतो.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील संघटित स्वयंसेवा दुष्काळ व साथी यांसारख्या आपत्तींतून उभी राहिली. तथापि तिचे चिरस्थायी फलित आपत्तीनंतर वस्तीत टिकून राहिलेल्या कार्यकर्त्यांमुळे मिळाले.

२) सोशल सर्व्हिस लीगचा अनुभव असे दर्शवतो की, वस्तुस्थितीची प्रामाणिक नोंद ठेवणारी सेवा आज ना उद्या कारणांपर्यंत पोचते. कारणांपर्यंत पोचलेल्या सेवेला मजुरी, कायदा व समता यांचे प्रश्न टाळता येत नाहीत.

३) सेवा घेणाऱ्या समाजाने सूत्रे हाती घेतली की सेवेचे रूपांतर संघटनेत होते. बहिष्कृत हितकारिणी सभा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

४) सेवा क्लबांची शक्ती साधनसंपत्ती व शिस्त यांत आहे. दीर्घ मुदतीचे एकच उद्दिष्ट असल्यास ती परिणामकारक ठरते, हे पोलिओ निर्मूलनाने सिद्ध केले आहे.

५) महाविद्यालयीन विभागांनी किमान पाच वर्षे एकच वस्ती निवडावी, दरवर्षी तिची पाहणी करून नोंदी जपाव्यात आणि त्या इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांच्या प्रकल्पकार्याशी जोडाव्यात. माहितीचा अधिकार (२००५) आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) यांखाली अर्ज कसा करावा, हे शिकवणारा विद्यार्थी म्हणजे लीगच्या पोलीस कोर्टातील प्रतिनिधीचा आजचा वारस होय.

डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. गिरण्यांच्या जागी तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या वास्तूशी नाटकांच्या स्मृतींबरोबर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक मोठा धडाही निगडित आहे. रात्रशाळेत अक्षरे गिरवणारा माणूस एक दिवस स्वतःचा अर्ज स्वतः लिहील आणि त्यात आपल्याला न आवडणाऱ्या मागण्याही करील, ही शक्यता ज्या सेवेला मान्य असते, तीच सेवा इतिहासात टिकते. आपल्या शिबिरांच्या अहवालात या शक्यतेसाठी एखादा रकाना ठेवता येईल काय, याचा विचार आपण प्राध्यापकांनी करावयास हवा.